घरचं तेल

आमच्या घरात तेल विकत आणणं म्हणजे पाप. नाचणगावात दोन पिढ्यांची आमची घाणी; जवस, तीळ, भुईमूग, सगळं घरचं. त्यामुळे मोटारीचे ब्रेक सैल झाले आणि नागपूरच्या मिस्त्रीनं आतली रबरं अन् ब्रेकचं तेल बदलायचा आकडा सांगितला, तेव्हा आमचे हे ताडकन उठून परत आले. गाव ह्यांना हिरालालशेठ म्हणतं. मी नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे.

"तेवढ्या पैशात बैलजोडी येते," हे ओसरीवर बसून म्हणाले. "अन् तेल का मी डबीतलं इकत घेऊ? मी? माह्या घरी पिंपं भरून पडले हायेत!"

मग तिथंच हत्यारं पसरली. जुन्या ट्यूबमधून रबराच्या चकत्या कापल्या, त्याही माझ्या भाजीच्या विळीवर. जुनं तेल उपसून ब्रेकच्या नळीत आमच्या घाणीचं जवसाचं तेल भरलं. मी म्हटलं, "अहो, ते भाजीत घालाचं तेल हाये." हे म्हणाले, "तेल ते तेल. तू आपली चूल सांभाळ." आपला हात जगन्नाथ, असं त्यांचं चाललं होतं, आणि मीही मेली कौतुकानं पाहत उभी.

सुरुवातीला ब्रेक असे लागायचे की काही विचारू नका. हे येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मोटार थांबवून दाखवायचे. मग एकदा पुलगावच्या बाजारातून येताना मोटार आमच्या दारावरून पुढं गेली ती थेट पिंपळापाशी उभी राहिली. "मुद्दाम नेली," हे म्हणाले. मी शेजारीच बसले होते. ह्यांचा पाय तीनतीनदा खाली जात होता आणि कपाळावर घाम होता. हातानं ओढायचा ब्रेक तर मोटार घेतली तेव्हापासूनच तुटका.

नलूच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मला मागच्या चाकाखाली ओल दिसली. बोट लावून हुंगलं. तेल्याच्या घरची बाई मी, जवस मला झोपेतही ओळखू येतो.

नलू म्हणजे शेजारच्या बाबाराव अन् आनंदाबाईची पोर, माझ्या मांडीवर वाढलेली. आमच्या गावात नवरानवरी ह्यांच्याच मोटारीतून जाणार हे ठरलेलं. गावात दुसरी मोटार नव्हती, आणि हे एक पैसा घेत नसत. त्यातच ह्यांची सगळी ऐट. नलूचं सासर नाल्यापलीकडे. गावाबाहेर पडलं की रस्ता जो उतरतो तो सरळ नाल्यापर्यंत, एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला खोल दरड.

"ब्रेकचं तेल गळून राह्यलं," मी ह्यांना सांगितलं. "पोरीले बसवू नका."

"काऊन अभद्र बोलून राह्यली? म्या सोताच्या हातानं केलं हाये."

बाबारावांना सांगितलं तर ते हसले. "वैनी, शेठजीच्या हातची गाडी हाये. तुमी काऊन भेता?" आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवायला निघून गेले. ब्रेक नाही लागला तरी चालेल, लिंबू पाहिजे!

दुपार कलली. नलू रडून रडून सुजलेले डोळे घेऊन मागं बसली, शेजारी नवरदेव. ह्यांनी फेटा नीट केला आणि चावीला हात घातला. मी बाबारावांच्या म्हाताऱ्या आईच्या डबीतली तपकीर चिमूटभर नाकात कोंबली आणि मोटारीपुढं जाऊन सणसणीत शिंकले. वर आणखी एकदा.

नवरदेवाचा बाप पुढच्या सीटवरून खाली उतरला. "सवाष्णीची शिंक, अन् तेही निंगता निंगता. नाई जमणार." या गावात बाईच्या बोलण्याला किंमत नाही, शिंकेला आहे. नवरानवरी थोडा वेळ थांबली, पाणी प्यायली, तरी पुन्हा मोटारीत चढायला कोणी तयार होईना. शेवटी गावातल्या तानबानं आपली बैलगाडी जुंपली, बैलांच्या गळ्यात घुंगरं बांधली, नलूला मीच हात धरून वर चढवलं. "जपून जाजो, बाई," म्हटलं. खरं सांगते, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

गाडी गावाबाहेर गेली. लोक मोटारीभोवतीच रेंगाळत होते. कोणीतरी म्हणालं, "अपशकुनी झाली आता हे. पुढं कोणी पोर बसवन का हिच्यात?"

ह्यांचा चेहरा मी पाहिला. घरची घाणी विकली असती तरी असा झाला नसता. हे एकदम आत बसले. "अपशकुनी? नाल्यावरून जाऊन येतो. पाहा मंग!"

मी मोटारीला आडवी गेले, डोक्यावरचा पदर पडला तरी ओरडले, सगळ्यांसमोर ओरडले, "ब्रेक लागत नाई! तुमाले माहीत हाये, ब्रेक लागत नाई!"

ह्यांनी मोटार मागं घेतली, वळवली आणि माझ्या बाजूनं काढून नेली.

धुळीत उभी होते तेव्हा मला कळलं. त्याच उतारावर पुढं तानबाची गाडी होती. नलू होती. मीच बसवून दिली होती.

मी धावले. मागं आनंदाबाई धावत होती, तिलाही समजलं होतं. वेशीबाहेर आलो तोच हॉर्न सुरू झाला. तो थांबेचना. माणूस सगळं अंग टाकून दाबतो तसा. मी तोंडानं देवाचं नाव घ्यायचं म्हणत होते आणि तोंडातून ह्यांचंच नाव निघत होतं.

मग काहीतरी मोडलं आणि हॉर्न बंद झाला.

खालून घुंगरं वाजत होती. तानबा बैलांना चुचकारत होता. नलूचं रडणंही ऐकू आलं. "वाचली वो माय, वाचली!" म्हणत आनंदाबाईनं मला मिठी मारली. मीही म्हणाले, वाचली. माझ्या जिवात जीव आला, हे मी लपवत नाही.

आणि मग तिचे हात सैल पडले. उताराच्या मध्यावर मोटारीच्या चाकांचा माग बैलगाडीच्या वाटेतून मुद्दाम बाजूला वळला होता, सरळ दरडीकडं. पलीकडं रस्ता नव्हता. आनंदाबाईनं माझा पडलेला पदर उचलला आणि माझ्या कपाळावरच्या कुंकवावर ओढला.