चारचा रकाना

“हलू नकोस, आहेस तशीच थांब,” असं म्हणत बॉयलरवाल्यांनी जिन्यातच बायकोच्या दंडाला पट्टा गुंडाळला. धुतलेल्या कपड्यांची बादली तिच्या हातात होती. दोन मजले चढून झाले होते आणि तिसऱ्यासाठी ती दम गोळा करत होती. बादली घ्यायला त्यांचे हात शिवशिवत होते, पण माप होईपर्यंत त्यांनी ती तिच्याकडेच राहू दिली. मशीन गुरगुरलं. एकशे अडुसष्ट. वहीतल्या दुपारी चारच्या रकान्यात त्यांनी आकडा लिहिला आणि मगच बादली घेतली.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळून ते निवृत्त झाले होते. नोकरी सुटली, नाव चिकटलं. दीड महिन्यापूर्वी डॉक्टर म्हणाले होते की काकूंचं ब्लडप्रेशर वाढलंय, रोज एक गोळी घ्या आणि चहा जरा कमी करा. आता ‘जरा’ हा शब्द बॉयलरवाल्यांच्या धंद्यात नव्हता. त्यांनी चहाचा डबा थेट माळ्यावर टाकला.

चाळीस वर्षं, आधी पाळी सुटल्यावर आणि मग निवृत्तीत, दुपारी चार वाजता दोघं खिडकीशी बसून चहा घेत. तेवढाच काय तो त्यांचा संसार निवांत असे. आता चार वाजले की जिन्यात असं माप व्हायचं, मग ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तक्रार एका शब्दाने नाही. बॉयलरवाले मात्र कोपऱ्यावर जाऊन गुपचूप एक कप मारून यायचे आणि तोंडात लवंग धरून घरात शिरायचे. तो चहा त्यांना कधीच गोड लागला नाही. आकडा चढतच होता, आणि हिच्याशिवायचं घर कसं असेल हा विचार काही केल्या डोक्यातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी वही चाळली, कपाळाला आठ्या घातल्या आणि आणखी एक गोळी सुरू करावी लागेल म्हणाले. लिहिण्याआधी इथेही एकदा मोजू, म्हणून त्यांनी नर्सला बोलावलं. नर्सने काकूंना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. बॉयलरवाल्यांना ते मुळीच पटलं नाही.

आकडा आला एकशे बत्तीस.

मशीन बिघडलंय, असं त्यांनी लगेच सांगून टाकलं. नर्सने त्यांच्याच पिशवीतलं मशीन काढून लावलं. एकशे चौतीस.

“काका, घरी कधी मोजता तुम्ही?”

“कधी म्हणजे? पूर्ण भारावर,” ते ताठ बसून म्हणाले. “थंड बॉयलरचा काटा बघून काय कळणार? माझ्या हाताखाली छत्तीस वर्षांत एकदाही भलतंसलतं झालं नाही.”

मग जिना आणि बादली सगळं बाहेर आलं. नर्सने तोंडाला रुमाल लावला. डॉक्टर काकूंकडे वळले, “आणि काकू, तुम्ही काही बोलला नाहीत?”

“मला वाटलं, यांना त्यातलं कळतं,” ती म्हणाली.

दुसरी गोळी टळली. आठवडाभर रोज शांत बसवून मोजा, वही मला दाखवा, पहिली गोळी चालूच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. चहा दोन कप चालेल, पण माप चहाआधी. हे ऐकून बॉयलरवाल्यांना इतकं हलकं वाटलं की ते डॉक्टरांना दोनदा नमस्कार करून बसले. घरी परतताना तिची पिशवी त्यांनीच घेतली, आणि जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबले.

डबा माळ्यावरून उतरला. चहा त्यांनी केला. जरा पातळच झाला, पण तिने पहिला घोट घेऊन डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग तिने शेल्फावरची लवंगांची बाटली उचलली आणि मसाल्यांच्या डब्यामागे नीट सरकवून ठेवली.

“आता ही लागायची नाही तुम्हाला,” ती म्हणाली.

त्यांना मान वर करता येईना. त्यांनी वही ओढली. आजचं माप दवाखान्यातच झालं होतं, म्हणून चारच्या रकान्यात आकड्याच्या जागी ‘चहा’ असं लिहिलं, आणि थोडं थांबून पुढे ‘दोघांनी’ असं जोडलं.