वर्षालीच्या अर्जातली आई

"मावशी, तुम्ही आधी लोकांची धुणीभांडी करायचात, कधी बोलला नाहीत," चपातीचा घास मोडता मोडता ज्योतीराम म्हणाला.

माझं लाटणं थांबलं. काळेवाडीत माझी खाणावळ आहे. चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी पोरं माझ्याकडे जेवतात, ज्योतीराम त्यातलाच. लोकांची भांडी मी कधी घासली नाहीत. माझीच घासायला छबूबाई येते.

"कोण म्हणतं असं?"

"वर्षालीताईंच्या अर्जात आहे की. इंग्रजी तपासायला दिला होता मला. डोळ्यांत पाणी आलं, मावशी. उपाशी झोपायचात म्हणे."

"गप जेव. माझ्या घरात उपाशी झोपायची कुणाची छाती आहे?"

वर्षाली माझी लेक. इथंच डॉक्टर झाली, पण तिला हाडांची सर्जन व्हायचंय, तेही अमेरिकेत. तिकडच्या परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली. तरी बाहेर देशात शिकलेल्यांना त्या जागा फार अवघड मिळतात. दोन वर्षं तिनं अर्ज केले, एकाही हॉस्पिटलनं मुलाखतीला बोलावलं नाही. तिसरा अर्ज त्याच संध्याकाळी जायचा होता. हा शेवटचा, असं तिनंच सांगितलेलं. यातून काही झालं नाही तर सांगवीत सर्दीखोकल्याचे पेशंट तपासते ते आहेच.

हात तसेच पिठाचे घेऊन मी माडीवर गेले. ती लॅपटॉपपुढं बसलेली, केस विंचरलेले नाहीत.

"मी कुणाची भांडी घासली गं?"

तिनं मान वर केली नाही. "ज्योतीराम बोलला वाटतं."

"मी काय विचारते?"

"आई, स्वतःबद्दल एक पान लिहावं लागतं. ज्या मॅडमना दाखवलं त्या म्हणाल्या, सगळी पोरं सारखंच लिहितात. घरची गरिबी असेल तर घाल, लक्षात राहतं."

"मग तुझी गरिबी घालायची. माझी कशाला?"

"माझी कुठाय? तू काही कमी पडू दिलंस का?"

"मग हे लिही की!"

"कोण वाचणार? माझी आई खाणावळ चालवते, दिवसभर सगळ्यांना दम देते. काय करतील ते त्याचं?"

"नका वाचू म्हणावं. तुझ्या बापाच्या मागं एकटीनं उभी केली ही खाणावळ. माझ्यामुळं कधी कुणाची शिफ्ट चुकली नाही. माझी कीव करायला मी काय रस्त्यावर पडलेय?"

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "आई, मी दमले. दोन्ही वेळा जे खरं होतं तेच लिहिलं. काहीच झालं नाही. म्हटलं, खोट्यानं तरी होईल."

मी कॉटवर टेकले. गुडघे ठणकत होते. म्हटलं, राहू दे. अमेरिकेतून कोण काळेवाडीत चौकशीला येतंय? लेकीचं भलं होणार असेल तर झाले मी भांडेवाली. अगदी ओठांवर आलं होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"खोटी ठेवणार असलीस तर मला काढ त्यातून."

"काढलं तर अर्धं पान रिकामं होतंय."

"मग तुझं लिही."

खालून छबूबाई ओरडत होती, भाजी लागली म्हणून. मी उठले नाही. मग तिची बोटं लॅपटॉपवर चालायला लागली.

"काय लिहिलंस?"

"मोडलेला हात बसवल्यावर पेशंटचा चेहरा कसा सैल होतो, ते."

"ते लक्षात राहील त्यांच्या?"

"काय माहीत. हे पण सगळेच लिहीत असतील."

तिनं बटण दाबलं. "गेला. आता तू कुठंच नाहीस त्यात, आई."

"बरं झालं," मी म्हणाले.

जिना उतरताना कठड्याला धरून थांबले जरा. यंदाही बोलावणं आलं नाही, तर पोरगी मला एका शब्दानं बोलणार नाही. सकाळी उठून सांगवीला जाईल, संध्याकाळी येईल, पुढ्यात येईल ते जेवेल. बोलली असती तर माझ्याकडे उत्तर होतं.