जड रक्त, हलकं रक्त

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक खिडक्यांत चढून बसले होते. पांढरा कोट घातलेल्या थेंबगुरूंनी आमच्या आत्याच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पाण्याच्या एका जगमधून भरलेल्या पेल्यात सोडला. तो सरळ तळाशी गेला.

"पाहिलंत? कर्करोग जड असतो! रक्ताला खाली खेचतो!"

मग त्यांनी आत्याच्या जिभेवर आपल्या बाटलीतलं औषध टाकलं, डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या जगमधून दुसरा पेला भरला. पुन्हा सुई. या वेळी थेंब पाण्यावर तरंगत राहिला. हॉल टाळ्यांनी दणाणला.

"माई, हलक्या झालात! आता ती लसबिस टोचून घेऊ नका हं. माझं औषध फार मानी आहे, रुसून बसतं."

"नाही घेणार," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला क्षणभर गुदगुल्या झाल्या. कारण ती लस माझ्या धाकट्या बहिणीच्या चमूची होती. शरीराला कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवणारी लस. शस्त्रक्रियेनंतर ती घेतलेल्यांमध्ये आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा बरंच कमी असतं, असं नुकतंच दिसून आलं होतं आणि धाकटीचा फोटो सगळीकडे झळकत होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो, सुट्टीच्या दिवशी असल्या गुरूंचं पितळ उघडं पाडतो. पण आमच्या घरी येणारा-जाणारा मला विचारतो काय, तर "तुमची बहीण कशी आहे?" आत्याने आम्हा दोघांना लहानाचं मोठं केलं, आणि तिच्या कपाटावरही फोटो धाकटीचाच.

आत्याचं ऑपरेशन झालं होतं. लसीच्या पुढच्या चाचणीत तिला जागा मिळाली होती आणि सोमवारी पहिली सुई होती. ती चुकली की जागा गेली. हे आठवलं आणि माझ्या गुदगुल्या जागच्या जागी जिरल्या.

गुरूला उघडं पाडायच्या तयारीनेच मी आलो होतो. बाही तपासली, सुई तपासली, पेला उलटा करून पाहिला. काही म्हणता काही सापडेना. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत धाकटी पुढे आली. आलीच शेवटी, माझ्याही मैदानात!

"गुरुजी, माझंही रक्त बघता? मी ठणठणीत आहे आणि तुमचं औषध घेतलेलं नाही."

"या ना, ताई! माझ्या औषधाशिवाय कुणाचंच रक्त हलकं नसतं!"

"फक्त तुम्ही आणि मी पाठ करून उभे राहू. दोन्ही जगमधून पेले भरून दादा त्यांच्या जागा बदलेल किंवा बदलणार नाही. कुठला कुठला, ते तुम्हालाही कळायचं नाही आणि मलाही. आम्ही लस अशीच तपासतो."

गुरू कुरकुरले, पण लोकच म्हणाले, "होऊन जाऊ द्या!" मी जागा बदलल्या. गुरूंनी वळून आपल्या अंदाजाने एकेका पेल्यात थेंब सोडले. बऱ्या झालेल्या आत्याचा थेंब तळाशी गेला. औषध न घेतलेल्या धाकटीचा तरंगला.

गुरूंनी डोळे वटारले. "इथे कुणीतरी मत्सरी माणूस आहे! त्याची नजर लागली!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका गुरूचं निदान अचूक निघालं होतं. तोच मत्सरी माणूस पुढे झाला, दुसऱ्या जगमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला.

"मीठ! मूठमूठ मीठ घातलंय यात. साध्या पाण्यात रक्त बुडतं, दाट मिठाच्या पाण्यात तरंगतं. तुमचं, माझं, कुणाचंही. या, चाखा!"

लोकांनी चाखलं. खिडकीतला एकजण म्हणाला, "समुद्र आहे हो नुसता!" हशा पिकला, आणि त्या हशात गुरू कोटासकट मागच्या जिन्याने पसार झाले.

आत्या मात्र हसत नव्हती. "आणि तुझ्या लसीत काय असतं गं?"

"काही जणांना आम्हीही मिठाचंच पाणी देतो," धाकटी म्हणाली. "पण तसं मिळू शकतं, हे आधीच सांगून. लस त्याच्यापेक्षा खरंच सरस आहे का, ते त्याशिवाय कळणार कसं? तुझ्या वाट्याला काय येईल ते मलाही ठाऊक नसेल. आत्या, तू बरी होशील अशी शपथ मी घेऊ शकत नाही."

"त्याने घेतली होती," आत्या पुटपुटली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू खरं सांग. तू जळतोस तिच्यावर, मला का कळत नाही? म्हणून तुलाच विचारते. घेऊ का?"

मी धाकटीचा शोधनिबंध तीनदा वाचला होता, तोही केवळ चूक शोधायला. आकडे उलटसुलट करून पाहिले, रात्रीची झोप घालवली. एक चूक सापडली असती तर मी पेढे वाटले असते.

"घे," मी म्हणालो. "मला चूक सापडली नाही."

म्हणून वाचकहो, एवढंच सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी तो त्याच्यावर जळणाऱ्या माणसाला तपासू द्या. जो तपासू देत नाही, त्याचं औषध घेऊ नका. सोमवारी आत्याला दवाखान्यात मीच घेऊन गेलो. तिथल्या परिचारिकेने हसून विचारलं, "तुम्ही त्या लसवाल्या ताईंचे भाऊ ना?" मी हो म्हणालो, आणि तेव्हाही जळलोच.