बाईंनी खोडायला लावलेलं निरीक्षण

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल माणसांनी खचाखच भरला होता. समोर टेबलापाशी लोलकबाबा. काळा दोरा, पितळी गोळा आणि तोंडाचा अखंड पट्टा. "मी हात लावत नाही. हात तुमचा, सत्य तुमच्या शरीराचं! गोळा गोल फिरला तर औषध मानवलं. झुलला तर विष." बाबांनी स्वतः विकलेल्या थेंबांच्या बाटलीवर मात्र तो दरवेळी गोल फिरायचा. कसं कोण जाणे!

माझा असल्या लोकांवर काडीचा विश्वास नाही. बावीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवतेय. वर्गात कुणी फार गोड बोललं तरी मला संशय येतो. इथे आले ती ताईसाठी. तिला फिट येतात. रोजच्या गोळ्यांमुळे चार वर्षं एकही आली नव्हती. पण त्या गोळ्यांवर तिच्याच हातातला लोलक झुलला आणि तिने गोळ्या बंद केल्या. आज तिसरा दिवस होता.

लबाडी पकडायला मीच पुढे झाले. दोरा चाचपला, टेबलाखाली लोहचुंबक शोधलं. काही सापडलं नाही. मग ताईच्या गोळ्यांच्या पाकिटावर लोलक धरला, तर तो झुलला. मी हलवला नव्हता, शपथेवर सांगते. बाबा हसून म्हणाले की बाईंचं पुस्तक हरलं. ताईची नजर मला झोंबली.

घरी येऊन धुसफुसत वह्या तपासायला घेतल्या. लोलकाच्या प्रयोगात एका मुलीने लिहिलं होतं की हातात धरलेला लोलक आपोआप हलतो. त्यावर मीच मागच्या आठवड्यात लाल शाईने शेरा मारला होता, 'विषयांतर. खोडा.' पोरीने खोडलं नव्हतं. उलट खाली भर घातली होती: 'बाई, पुन्हा करून पाहिलं. खुंटीला टांगला की हलत नाही. हातात धरून मनात गोल म्हटलं की गोल फिरतो. डोळे मिटले की भरकटतो.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'दिसेल ते लिहा' म्हणून वर्षानुवर्षं घसा कोरडा करणारी मी, आणि पोरीने दिसलेलं लिहिलं तर तेच खोडायला लावलं!

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन पुन्हा हॉलमध्ये गेले. तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि हातात लोलक दिला. पुढच्या रांगेतल्या शिंपीकाकांनी, एक शब्द न बोलता, मनाला येईल तसं कधी गोळ्यांचं पाकीट ठेवायचं, कधी बाबांची बाटली. लोलक गोळ्यांवर झुलला किंवा बाटलीवर गोल फिरला तर बरोबर, असं धरून दहा वेळा केलं आणि प्रत्येक वेळचं मी वहीत लिहिलं. पाच बरोबर आले, पाच चुकले.

मागून कुणीतरी म्हणालं, पाच बरोबर आलेच की. शिंपीकाकांनी वही उचलली आणि चुकलेले पाच मोठ्याने वाचून दाखवले. एकदा तर बाबांची बाटली विष ठरली होती. "नाणं उडवलं असतं तरी एवढे बरोबर आले असते," काका म्हणाले.

डोळे बांधले की शक्तीची वाट अडते, असं बाबांनी सुरू केलं. मी तोच दोरा खुर्चीच्या पाठीला बांधला आणि खाली गोळ्या ठेवल्या. लोलक ढिम्म.

मग मी सगळ्यांना समजावलं. मनात जे भरवलेलं असतं, त्या दिशेने बोटं नकळत केसभर हलतात आणि लांब दोरा ती हालचाल वाढवून दाखवतो. बाबांनी आधी 'विष' हा शब्द पेरला, पुढचं काम आपल्याच बोटांनी केलं. मलाही तो झुलेल अशी भीती होती, म्हणून माझ्याकडूनही झुलला.

ताईने रुमाल सोडला. "म्हणजे घाबरवलं यांनी, आणि हलवलं मी?"

"हो. आणि मीही."

ती उठली. "दवाखान्यात चल. चार दिवस गोळ्या चुकल्यात, ते डॉक्टरांना सांगायला हवं."

त्या मुलीच्या वहीत मी माझा शेरा खोडला आणि लिहिलं, 'तुझं बरोबर. मी करून पाहिलं.' तुम्हाला एवढंच सांगते: कुणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा म्हणालं तर जरूर पाहा, पण एकदा डोळे बांधूनही पाहा. आणि बरोबर आलेलं लिहाल, तसं चुकलेलंही लिहून ठेवा.