कुणी सक्ती केली नाही

घटनादुरुस्तीच्या मोर्च्यात इस्त्रीवाली दुकान बंद ठेवून सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या नवऱ्याला गावातल्या पोलीस चौकीत बडवून न केलेला गुन्हा कबूल करायला लावला होता, आणि तो तुरुंगातच वारला. दुरुस्ती झाली. आता कुणालाही स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येणार नव्हती. पोलिसांचे हात बांधले गेले, असं तिला वाटलं. पण पोलीस काही दुधखुळे नसतात.

गोदामाच्या आगीत म्हातारा राखणदार होरपळून मेला आणि तिथे हमाली करणाऱ्या तिच्या मुलाला संशयावरून त्याच चौकीत उचलून आणलं. त्याच्या वकीलबाईंनी बजावल्याप्रमाणे पोरगा मिठाची गुळणी धरून बसला. त्याला कुणी बोटही लावलं नाही. चौकीच्या साहेबांनी फक्त आईला बोलावून घेतलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मावशी, आम्ही त्याला काही विचारणार नाही. तुम्हीच भेटा जरा. ज्यानं काही केलंच नाही, तो गप्प कशाला बसेल?"

हे तिला पटलं. मुलाबद्दल तिच्या मनात तीळमात्र शंका नव्हती. असती तर बरं झालं असतं.

आतल्या खोलीत हवालदार कागद पुढ्यात घेऊन बसला होता. तिने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

"वकीलबाई येऊ देत, आई," मुलगा म्हणाला.

"त्यांना काय सांगायचं ते सांग. मला सांगायला कसली भीती? तू तिथे नव्हतास, एवढं बोल आणि चल घरी."

तो एकदम हुंदके देऊन रडायला लागला.

"होतो गं. मागच्या दाराला बाहेरून कडी मीच घातली. मालक म्हणाले, विम्यासाठी गोदाम जाळायचंय, आत कुणी नाही. राखणदारबाबा आत झोपलेत हे मला माहीतच नव्हतं, आई. शप्पथ!"

त्या म्हाताऱ्याचा गणवेश तिच्याच दुकानात यायचा. मागे हवालदार भराभर लिहीत होता.

वकीलबाई धापा टाकत आल्या, तोवर सगळं उरकलं होतं.

"त्यांच्याकडे दुसरा पुरावाच नव्हता हो, मावशी!"

"पण पोलिसांनी विचारलंच नाही. तो माझ्याशी बोलला."

"तेच तर! त्यांनी धमकावून विचारलं असतं, तर मी कोर्टात चिंध्या केल्या असत्या. आईनं विचारू नये, असं घटनेत कुठे लिहिलंय?"

साहेब दारात उभे होते, चेहऱ्यावर हळहळ आणून. इस्त्रीवालीला त्यांच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला, आणि त्याआधी स्वतःच्या.

मुलाला बाहेर आणलं. हातात बेड्या होत्या, पण चेहरा ताप उतरल्यावर दिसतो तसा हलका झाला होता.

"बरं झालं तुला सांगितलं. आज झोप लागेल. मला कधी सोडतील गं?"

वकीलबाईंनी मान फिरवली.

"लवकर," ती म्हणाली. "तू जेवून घे."