चिठ्ठी नसलेला गेम

साहेब, माझी चिठ्ठी तुम्ही फेकलीत. ती काही आपोआप निघाली नाही. तुमच्या सहीचा कागद ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांच्या खोलीच्या दारावर अजून चिकटवलेला आहे: "व्हिडिओ गेमच्या खोक्यांमधील वाचकांच्या असभ्य चिठ्ठ्या तात्काळ काढून टाकाव्यात." असभ्य म्हणजे मी. ते मला मान्य आहे. पण त्या कागदामुळे गेल्या गुरुवारी माझ्या भाचीच्या जिवावर काय बेतलं होतं, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. तुमच्या लोकांच्या नोकऱ्या तुमच्या हातात आहेत, ते सांगणार नाहीत. माझी नोकरी तुमच्या हातात नाही, म्हणून मी सांगतो.

घाबरू नका, पोरगी ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला स्वतःलाच ते दिवसातून दहा वेळा म्हणायला आवडतं. पोरगी ठणठणीत आहे.

मी लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात गेम खेळतो. वय विचारू नका. तुमच्या ग्रंथालयात मागच्या कपाटात गेम ठेवायला लागले तेव्हापासून मी दर आठवड्याला एक नेतो. तिथं एक पद्धत पडून गेली होती. गेम परत करताना खोक्यात एक चिठ्ठी टाकायची, पुढच्या माणसाला सांगायला, की बाबा कसा आहे. जुन्या तारखांच्या कार्डांची मागची कोरी बाजू त्यासाठी वापरायची. माझ्या अशा त्रेसष्ट चिठ्ठ्या होत्या. खाली सही: लिफ्टवाला.

'भुयार बहात्तर' या गेमवर मी लिहिलं होतं: "चित्रं झकास, आवाज झकास, अक्कल गहाण. नवव्या मिनिटाला दोर तुटतो आणि लिफ्ट दगडासारखी खाली जाते. लिफ्ट अशी पडत नाही. वेग वाढला की खालचे जबडे रुळाला घट्ट धरतात, लिफ्ट जागच्या जागी अडकते. गेम बनवणाऱ्यांनी एकदा तरी मशीनरूममध्ये डोकवायचं होतं. बाकी चांगला आहे, मी दोनदा खेळलो."

'राजा, माघारी फिर' वर: "बेचाळीस तास खेळलो, त्यातले एकतीस घोड्यावर बसून गवत बघितलं. राजा बोलायला लागला की चहा ठेवा. उकळून, गाळून, पिऊन होतो, तरी हा बोलतोच आहे. तलवारबाजी मात्र अशी, की अंगठे दुखतात आणि आपण हसत असतो."

आणि मी नुसत्या शिव्याच देतो असं नाही. 'बिऱ्हाड' नावाचा एक साधा गेम आहे. एका घरातलं सामान दुसऱ्या घरात हलवायचं, एवढंच. त्यावर लिहिलं होतं: "शेवटच्या घरात फक्त एक खुर्ची असते. ती उचलायला मला दहा मिनिटं लागली, का ते विचारू नका. ज्याने नेला असेल त्याने लवकर परत करावा, मला पुन्हा खेळायचाय." ही चिठ्ठी तुम्ही ठेवलीत. बाकीच्यांची कौतुकंही ठेवलीत. कौतुक म्हणजे सभ्य, तक्रार म्हणजे असभ्य, असा तुमचा हिशेब.

आता भाचीचं. ती सतरा वर्षांची आहे. घरात तिला सगळे वकील म्हणतात, कारण तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमात स्टेजवरचे दिवे लुकलुकायला लागले आणि ही खाली पडली. फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वेळेवर झोपायला सांगितलं आणि बजावलं, की झपाझप चमकणाऱ्या उजेडापासून लांब राहायचं. गेम खेळ, पण बघून खेळ.

तेव्हा आमच्यात एक करार झाला. करार तिनेच केला.

"मामा, मला दर वेळी 'हा चालेल का, तो चालेल का' असं विचारायला लावू नका. मी काही रोगी नाही. तुम्ही सगळे गेम आधी खेळताच. चिठ्ठीत लिहा, मी वाचेन, मी ठरवेन. घरात या विषयावर चर्चा नाही."

"आणि मी चिठ्ठी लिहायची विसरलो तर?"

"तुम्ही? तुम्ही गेमला नावं ठेवायची विसरलात, तर त्या दिवशी मीच तुम्हाला डॉक्टरांकडे नेईन."

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग आला 'शेवटची होडी'. समुद्रात अडकलेल्या लोकांना वाचवायचं, अशी गोष्ट. इतका कंटाळवाणा गेम मी आयुष्यात पाहिला नाही. माझी चिठ्ठी दहा ओळींची होती. पहिल्या नऊ ओळींत मी त्या गेमची पार सालटी काढली. दहावी ओळ अशी: "तिसऱ्या टप्प्यात वादळ येतं, पूर्ण पडदा पांढरा-काळा-पांढरा-काळा चमकत राहतो, बंद करायची सोय नाही, फिट येणाऱ्यांनी हा गेम घरी नेऊ नये."

हीच चिठ्ठी तुम्ही काढलीत. त्याच खोक्यातली दुसरी चिठ्ठी राहू दिलीत: "अप्रतिम गेम. सहकुटुंब खेळावा. एक रसिक." हा रसिक तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता मी एका सहामजली ऑफिसात लिफ्टच्या टपावर होतो, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, रुळांना ग्रीस लावत. फोन वाजला. तुमच्या ग्रंथालयातून होता. कोणाचा ते सांगणार नाही. तुमच्याकडे दहा माणसं आहेत, शोधत बसा.

आवाज दबलेला होता. "लिफ्टवाले, तुमच्या भाचीने काल संध्याकाळी 'शेवटची होडी' नेला. मला आत्ता नोंदीत दिसलं."

"मग काय झालं? चिठ्ठी आहे की आत."

"नाही आहे. सोमवारी सगळ्या काढल्या. साहेबांचा हुकूम होता. रद्दीत गेल्या. तुमची भाची चिठ्ठी वाचूनच गेम नेते, म्हणून फोन केला."

"सगळ्या?"

"तुमच्या तर सगळ्याच. एक सोडून."

मी भाचीला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. तिची परीक्षेची सुट्टी चालू होती, घरात ती एकटीच. ताई शिवणाच्या दुकानात, दाजी फिरतीवर. ताईला फोन केला, दोन वाक्यांत सांगितलं आणि ठेवला.

आता तुम्हाला वाटेल की मी उडी मारून पळालो. लिफ्ट अर्धवट सोडून पळता येत नाही, साहेब. ती आधी मजल्यावर आणायची, दार लावायचं, मेन स्विच बंद करायचा, कुलूप घालायचं, 'काम चालू आहे' ही पाटी सहाही मजल्यांवर अडकवायची. नाहीतर दुसऱ्या कोणाची भाची खड्ड्यात जायची. हे सगळं करायला सात मिनिटं लागली. हात ग्रीसने बरबटलेले, कुलूप हातातून दोनदा सटकलं. त्या सात मिनिटांत मी तुम्हाला काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. त्यापुढे माझ्या चिठ्ठ्या म्हणजे आमंत्रणपत्रिका.

स्कूटर घातली, दहा मिनिटांत घर गाठलं. ताईच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. दार उघडलं.

टीव्ही चालू होता. पडद्यावर निळा समुद्र संथ हलत होता. आणि पोरगी चटईवर, कुशीवर, एक हात लांब पसरलेला, बोटांजवळ रिमोट पडलेला.

फिट आली तर काय करायचं ते डॉक्टरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. घड्याळ बघायचं. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. मी घड्याळ बघितलं. बारा वाजायला पाच मिनिटं. किती वेळ झाला असेल, याचा हिशेब लागेना. मी गुडघ्यांवर बसलो, तिच्या खांद्याला हात लावला.

तिने एक डोळा उघडला.

"मामा, बूट काढा. चटईला ग्रीस लागतंय."

"तुला... तू पडलीस का?"

"पडले नाही, झोपले. आणि तुम्ही असे काय दिसताय? लिफ्ट अंगावर पडली?"

"लिफ्ट अशी पडत नाही," मी म्हणालो. "तिसऱ्या टप्प्यात पोचलीस का ते सांग."

"कोण, मी? पहिल्या टप्प्यात पाऊण तास दोऱ्या सोडवल्या. होडी निघेचना. दुसऱ्यात तो म्हातारा नावाडी लाटांचे प्रकार समजावायला लागला. सात प्रकार आहेत म्हणे. चौथ्या प्रकाराला मी म्हटलं, जरा पाठ टेकते. तुम्ही या गेमला शिव्या दिल्या नाहीत? तुमच्यावरचा विश्वास उडाला माझा."

मी भिंतीला टेकून बसलो आणि हसायला लागलो. थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते ग्रीसच्या हातांनी पुसलं, चेहरा काळा झाला. ते बघून तीही हसली. तिचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता, आवाज बंद करून. आयुष्यात पहिल्यांदा मी एका रटाळ गेमला मनापासून धन्यवाद दिले. ज्याने तो म्हातारा नावाडी लिहिला, त्याचं भलं होवो.

मग तिला सगळं सांगितलं. ती उठून बसली, खोका उलटा करून मला दाखवला.

"हे बघा. मागे तारखेच्या खाली तुमचा कार्ड नंबर आहे. म्हणजे तुम्ही हा खेळलात. आणि आत तुमची तक्रार नाही. म्हणजे मामाकडून निर्दोष सुटका. माझं काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. जगात फक्त याच पोरीला खोक्यातल्या रिकाम्या जागेचा अर्थ वाचता येत होता, आणि ती रिकामी जागा तुम्ही तयार केलीत.

तेवढ्यात ताई आली. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती, चप्पल एकाच पायात. पोरीला बघितलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून पाच मिनिटं उभी राहिली. बाहेर आली ती थेट माझ्याकडे वळली.

"त्या चिठ्ठीत ते कितव्या ओळीत लिहिलं होतंस?"

"दहाव्या."

"नऊ ओळी स्वतःची हुशारी, आणि माझ्या पोरीचा जीव दहाव्या ओळीत."

"ताई, मी..."

"गप्प बस. चहा टाकते. हात धू आधी."

मी हात धुतले. ती बरोबर होती. माझी चूक मी इथं लिहून देतो, साहेब. धोक्याची गोष्ट वर लिहायची असते. लिफ्टच्या पाटीवर आम्ही आधी 'धोका' लिहितो, कंपनीचं नाव खाली. चिठ्ठी लिहिताना मला हे सुचलं नाही, कारण लोक हसावेत ही हाव होती.

आम्ही तिघांनी चहा घेतला. तो संपेपर्यंत ऑफिसच्या मॅनेजरचे चार फोन आले, लोक जिने चढून दमलेत म्हणून. मी त्याला म्हणालो, "चढू द्या, तब्येत सुधारेल." इतक्या गोडीने म्हणालो की त्याला राग धरता आला नाही. त्या दुपारी मला कोणाचाच राग येत नव्हता. तुमचा रात्री आला.

शुक्रवारी मी आणि वकील दोघं गेम परत करायला आलो. विजा चमकणारे गेम मला आठवतात तेवढे पाच आहेत. त्या पाचही खोक्यांवर, आत नाही, बाहेर, लाल शाईत धोक्याची एकच ओळ लिहून चिकटवली. त्या ओळीत शिवी नाही, विनोद नाही, मत नाही. भाचीने वाचून पास केली. ती काढायची असेल तर आधी माझ्याशी बोला.

माझी मतं तुम्हाला आवडत नसतील तर नका आवडू देऊ. तुम्ही ग्रंथालय चालवता, वाचणं हा तुमचा धंदा आहे. म्हणून विचारतो, आणि उत्तर तुमच्या सहीनिशी त्याच दारावर, त्याच कागदाशेजारी लावलेलं मला हवंय: 'शेवटची होडी' मधली माझी चिठ्ठी रद्दीत टाकण्याआधी कोणी दहाव्या ओळीपर्यंत वाचली होती का?