मुकी गाडी

मायच्या घशातलं स्वरयंत्रच काढून टाकावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझा धाकटा भाऊ प्रबुद्ध रडला नाही. ऑपरेशन कधी, एवढंच त्यानं विचारलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, तोवर मायच्या ओव्या कॅसेटमध्ये भरून घ्यायच्या, नंतर तिचा आवाज कुठून आणणार? मला त्याचा राग आला. माय समोर बाकावर बसलेली आणि ह्याला टेपरेकॉर्डर सुचतोय. पण हा पठ्ठ्या एकदा हट्टाला पेटला की कोणाचं ऐकत नाही.

त्याचा हट्ट कशासाठी होता तेही सांगते. आम्ही मूळचे बिलोलीकडच्या एका खेड्यातले. माय पहाटे जात्यावर बसायची आणि दळता दळता ओव्या रचायची. बाबांना काचीगुड्याला रेल्वेत काम लागलं, आम्ही शहरात, अंबरपेठेत खोली घेतली आणि जातं गावातच राहिलं. इथं कोपऱ्यावर गिरणी होती. त्या दिवसापासून मायनं ओवी म्हटली नाही. आम्ही म्हण म्हटलं की म्हणायची, अशी येत नसती. गाव सुटलं तेव्हा मी शाळेत जाण्याएवढी होते, त्यामुळे माझ्यावरची ओवी मला पाठ होती. प्रबुद्ध मात्र तेव्हा मायच्या मांडीवर डोकं ठेवून झोपणारा. मायनं आपल्यावर काय रचलंय, हे त्याला माहीतच नव्हतं.

मोठा होऊन तो कुकटपल्लीच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला. त्या वर्षांत जो तो हप्त्यावर काहीतरी घरी आणत होता, कोणी कलर टीव्ही, कोणी फ्रिज. ह्यानं जुनी मारुती आणली. दिसायला बरी, पण आत बसलं की खालून रस्त्याची अशी घरघर यायची की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. ह्या गाडीला हॉर्नची काय गरज, असं मी त्याला चिडवायची.

मायचा घसा बसला, तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा आम्ही तिला त्याच गाडीतून न्यायला लागलो. माझं सासर काचीगुड्याला, वाटेत ते मला घेत. एका सकाळी मागच्या सीटवर माय माझ्याशेजारी डोळे मिटून बसली होती आणि अचानक तिच्या तोंडून निघालं,

जात्याच्या पाळीला, पिठाची गं रांगोळी
लेक माझी माधू, वाचिते वळी-वळी

ती माझ्यावरची ओवी होती. आवाज फाटलेला, पण चाल तीच, गावातली. मग एकामागून एक ओव्या येतच राहिल्या. त्यात एक प्रबुद्धच्या नावाची होती. त्यानं पुढून ऐकली, पण आपलं नाव तेवढं कळलं, बाकी सगळं घरघरीत गेलं. मी तर रडत होते, माझं लक्ष कुठं होतं. त्यानं गाडी कडेला घेऊन बंद केली आणि मागं वळून म्हणाला, माय, ती पुन्हा म्हण. मायनं डोळे उघडले. ओवी गेली होती.

पुढच्या खेपेला तो टेपरेकॉर्डर घेऊनच आला. माय गायली, तशीच गायली. घरी येऊन कॅसेट लावली तर गाडीची घरघर आणि तिच्या तळाशी कुठंतरी माय. त्यानं कपाळाला हात लावला. त्यानंतर डॉक्टरांनी ते ऑपरेशनचं सांगितलं, आणि घरी माय म्हणत नव्हती, गाडीतच म्हणायची, म्हणून प्रबुद्धनं ठरवलं की आधी गाडीचा आवाज मारायचा.

एका सीटकव्हरवाल्याकडे त्यानं गाडी दिली. सीटा काढल्या, खालचा पत्रा उघडा केला, त्यावर डांबराच्या शीट तापवून चिकटवल्या, दारांच्या आतूनही चिकटवल्या. वरून जाड लोकरी नमदा अंथरला, दारांना नवीन रबर लावलं. प्रबुद्ध कामावरून सुटला की तिथं जाऊन उभा राहायचा, एक फट राहू द्यायचा नाही. गाडी परत देताना तो माणूस म्हणाला, "अब अंदर सुई गिरी तो बी सुनाई देती, साब." प्रबुद्ध इतका खूश की येता येता मिठाईचा पुडा घेऊन आला. नवीन कॅसेट कशाला, त्या घरघरीच्याच कॅसेटवर भरू, म्हणाला, नाहीतरी ती बिघडलेलीच आहे. मीही मान डोलावली.

मायला दवाखान्यात भरती करायचं त्या सकाळी आम्ही लवकर निघालो. दारं लागली आणि सगळं शहर बाहेर राहिलं. बसगाड्या, रिक्षा, भोंगे, काही म्हणून काही नाही. प्रबुद्धनं टेपचं बटण दाबलं आणि म्हणाला, म्हण माय.

मायनं सुरुवात केली, "जात्याच्या पाळीला..." आणि थांबली. पुन्हा तेवढंच म्हटलं आणि थांबली. खोकली. प्रबुद्ध हळूहळू चालवत होता, मध्येच त्यानं गाडी एका झाडाखाली उभी केली. म्हणाला, माय, घाई नाही, निवांत म्हण. मी म्हटलं, चाल सोडून दे, नुसते शब्द सांग. तिला तेही जमेना. तिच्या चेहऱ्यावर घाम आला होता.

"येईना रं लेकरा," ती म्हणाली. "हात रिकामे हायेत."

प्रबुद्धनं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिनं ती घेतली, मांडीवर धरून बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. कॅसेट संपली तेव्हा प्रबुद्धनं टेप बंद केला; जुन्या घरघरीतली मायही त्यावरून पुसली गेली होती. दवाखान्यात वेळेवर पोचायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, जगेल, आणि त्याबद्दल मी आजही त्यांच्या पाया पडेन. पण मायच्या गळ्याला एक भोक होतं आणि त्यातून नुसता वारा ये-जा करायचा. लिहून दाखवायचं तर तिला अक्षर येत नव्हतं.

दोन-चार दिवसांनी दुपारी आम्ही दोघं तिच्याजवळ बसलो होतो. व्हरांड्यातून जेवणाची गाडी यायला लागली, लोखंडी चाकांची, शहाबादी फरशीवरून घरघरत. मायचे डोळे मिटलेले होते. तिचा उजवा हात चादरीवर हलला, मूठ वळली आणि गोल फिरायला लागली. जात्याचा खुंटा धरावा तशी मूठ होती. तिचे ओठ हलत होते. एक ओवी झाली, दुसरी झाली, आम्हाला ओठ तेवढे दिसत होते. जेवणाची गाडी पुढच्या वॉर्डात गेली, घरघर थांबली, आणि मायचा हातही थांबला.

प्रबुद्धनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा तसा चेहरा मी बाबा गेले तेव्हाही पाहिला नव्हता. तो उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी खाली अंगणात गेले, तर तो गाडीत खाली बसून नमदा उपसत होता. खालच्या डांबराच्या शीट स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडत होता. हात काळे झाले होते, नखांतून रक्त येत होतं. मी त्याचे हात धरले. शीट पत्र्याला पक्क्या बसल्या होत्या, त्या माणसानं काम चांगलंच केलं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "माझ्यावरची कशी होती गं? अर्धी सांग. एक ओळ तरी सांग."

काहीतरी जुळवून सांगावं, असं माझ्या मनात आलं. पण मला फक्त माझीच येत होती.